भातखाचरातील कठीण थर फोडणारे अवजार: दाता वाकला तो पोलाद कमी पडले म्हणून, की मातीचा हिशेब चुकला म्हणून?

रबाळ्याचा_आरेखक (धागाकर्ता)

नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीतील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्यात आरेखनाचे काम करतो. कन्व्हेयरचे सांगाडे, टाक्यांचे आधार, जिने आणि कठडे हे आमचे रोजचे काम आहे. शेतीचे अवजार आम्ही यापूर्वी कधीच बनवले नव्हते. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्यांनी ओळखीतून विचारले आणि मी हौसेने होकार दिला.

भाताची कापणी झाल्यावर त्यांच्या खाचरात वरची साधारण १५ सेंटिमीटर माती ठीक असते, पण तिच्या खाली फरशीसारखा थर लागतो आणि वालाची व भेंडीची मुळे तिथून आडवी वळतात. हा थर फोडण्यासाठी त्यांना तीन दात्यांचे अवजार हवे होते. ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा आहे आणि त्याचे वजन ९०० किलोच्या आसपास आहे. मी दात्यासाठी ७५ × २५ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पट्टी घेतली, टोकाची रुंदी पट्टीच्या जाडीइतकीच म्हणजे २५ मिलिमीटर ठेवली, टोक जमिनीशी ६० अंशांत बसवले आणि खोली २५० मिलिमीटर धरली. दगड लागल्यास दाता मागे फिरावा म्हणून वर एक पिन दिली आणि पिनेपासून ७५ मिलिमीटरवर ८.८ प्रतीचा १२ मिलिमीटरचा शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) दिला. हा बोल्ट चिमट्यासारख्या दोन कानांतून आणि मधल्या दात्यातून आरपार जातो. पिनेपासून टोकापर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर आहे.

मागच्या आठवड्यात चाचणी घेतली. तीन दाते लावल्यावर चाके जागीच फिरू लागली. मधला दाता काढून दोनच ठेवले तेव्हा ट्रॅक्टर चालला, पण चाळीसेक मीटरमध्येच उजव्या दात्याला जांभ्याचा दगड लागला आणि दाता मागे वाकला. बोल्ट मात्र जसाच्या तसा राहिला. शिवाय जिथे दाता नीट चालला होता तिथे वरची माती छान फुटलेली दिसत असूनही शेतकऱ्यांनी पहार मारून पाहिली, तेव्हा खालचा थर पूर्वीसारखाच वाजला. आता मी पट्टी ३२ मिलिमीटर जाडीची आणि पोलाद अधिक चांगल्या प्रतीचे घ्यावे असे ठरवत आहे. हा विचार योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

वागळे_इस्टेट_जुना_कामगार

पट्टी जाड करण्याआधी आहे त्या पट्टीचा हिशेब करून पाहा, कारण तुम्ही दिलेल्या मापांवरून दोष पट्टीत दिसत नाही.

एका दात्यावर नेहमीची ओढ २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो धरली, तर ४५० मिलिमीटरच्या हाताने पिनेपाशी ९०० न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट येतो. ७५ × २५ च्या पट्टीचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला छेद किती विरोध करतो त्याचे माप) सुमारे २३,४०० घन मिलिमीटर होतो, त्यामुळे ताण ४० मेगापास्कलच्याही आत राहतो. माइल्ड स्टील २५० मेगापास्कलच्या आसपास वाकू लागते. म्हणजे रोजच्या कामासाठी तुमची पट्टी सहापट मजबूत आहे.

आता बोल्टाकडे या. ८.८ प्रतीच्या बोल्टाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते आणि कातरशक्ती तिच्या साधारण ०.६ पट, म्हणजे ४८० मेगापास्कल धरतात. १२ मिलिमीटरच्या गुळगुळीत दांड्याचा छेद ११३ चौरस मिलिमीटर भरतो, म्हणून एका जागी कापला जाण्यासाठी त्याला ५४ किलोन्यूटन लागतात. ७५ आणि ४५० मिलिमीटरच्या तरफेने हा भार टोकापाशी ९ किलोन्यूटन होतो आणि त्या वेळी पट्टीतला ताण १७३ मेगापास्कलच असतो. म्हणजे बोल्ट आधी तुटला असता आणि पट्टी वाचली असती. पण तुमचा बोल्ट दोन कानांतून जातो, त्यामुळे तो एका नव्हे तर दोन जागी कापला गेला पाहिजे. साहजिकच तो टोकापाशी १८ किलोन्यूटन भार आल्याशिवाय तुटणार नाही, आणि तोवर पट्टीतला ताण ३४५ मेगापास्कलच्या वर गेलेला असेल. पिनेच्या छिद्रामुळे कमी होणारा छेद मी धरलेला नाही, तो धरला तर परिस्थिती आणखी वाईट दिसेल. बोल्टाला वाचवण्यासाठी पट्टीने स्वतःचा जीव दिला, असेच झाले आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे. कान तसेच राहू द्या, छिद्रांत कडक केलेले बुश (नळीसारखे अस्तर) बसवा आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट वापरा. दोन्ही छेद मिळून सुमारे १०० चौरस मिलिमीटर होतात आणि टोकापाशी ८ किलोन्यूटनला सुटका होते. बोल्टाचे आटे कापल्या जाणाऱ्या जागी येऊ देऊ नका, तिथे गुळगुळीत दांडाच आला पाहिजे. तसेच अवजाराच्या चौकटीवर बोल्टाचे माप आणि प्रत छिन्नीने कोरून ठेवा, नाहीतर एकदा बोल्ट तुटला की हार्डवेअरच्या दुकानातून त्याहून कडक बोल्ट येतो आणि पुढच्या दगडाला दाता पुन्हा वाकतो. माझ्या हातून गेलेल्या दुरुस्तीच्या कामांत हे मी अनेकदा पाहिले आहे.

---

मृदा_आणि_यंत्र

बोल्टाविषयी वर जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट ओघात सांगितली, तिच्याकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे: वर माती फुटली आणि खाली थर तसाच राहिला. माझ्या मते मूळ दोष तिथे आहे आणि तो पोलादाने सुटणारा नाही.

माती कापली जात नाही, ती घसरून फुटते. अठराव्या शतकात कुलोम या फ्रेंच अभियंत्याने मांडलेला विचार आजही आधाराला आहे: मातीचा प्रतिकार हा तिच्या कणांची एकमेकांना असलेली धरण आणि त्यांच्यातले घर्षण यांची बेरीज असतो, आणि घर्षणाचा भाग वरच्या दाबाबरोबर वाढत जातो. अवजार पुढे सरकले की त्याच्या समोरची माती पुढे आणि वर ढकलली जाते, आणि घर्षणकोन (मातीतले अंतर्गत घर्षण कोनात मांडलेले माप) ३० अंश असेल तर ती जमिनीशी साधारण ३० अंशांचा उतार करून पृष्ठभागापर्यंत चिरत जाते. चंद्रकोरीच्या आकाराची ढेकळे उचलली जातात ती यामुळेच. रीस या संशोधकांनी १९६५ साली यावरून अवजारांच्या ओढीचे जे समीकरण मांडले, त्यात मातीचे वजन, कणांची धरण, पोलादाला माती चिकटणे आणि पृष्ठभागावरचा भार अशी चार पदे आहेत. वजनाचे पद खोलीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे खोली थोडी वाढवली तरी ओढ एकदम चढते. तुमची चाके जागीच फिरली त्याचे कारण हेच. रबरी टायरचा ट्रॅक्टर शेतात स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच ओढू शकतो. तीन दात्यांची ६ किलोन्यूटन ओढ ९०० किलोच्या ट्रॅक्टरला झेपणारी नाही.

पण हे उचलून फुटणे एका मर्यादेपर्यंतच चालते. अरुंद दाता जसजसा खोल जातो, तसतसे समोरच्या मातीला वर उचलण्यासाठी लागणारे बळ वाढत जाते. एका खोलीनंतर मातीला वर जाण्यापेक्षा पुढे आणि बाजूला दबणे सोपे पडते. ही सीमाखोली होय. गॉडविन आणि स्पूर या संशोधकांनी १९७० च्या दशकात तिचा सखोल अभ्यास केला. सर्वसाधारणपणे ती टोकाच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते, आणि माती ओली असेल तर आणखी वर सरकते. तुमच्या टोकाची रुंदी २५ मिलिमीटर आहे, म्हणजे सीमाखोली १२५ ते १७५ मिलिमीटर होते, आणि तुम्ही २५० मिलिमीटरवर चालत आहात. खालच्या ७५ मिलिमीटरमध्ये तरी तुमचा दाता थर फोडत नाही, तो थरात फट पाडून तिच्या दोन्ही भिंती दाबून अधिक घट्ट करतो. डिझेल त्याच्यावर खर्च होते आणि मुळांना मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

माझे म्हणणे पटवून घ्यायचे असेल तर वाट सोपी आहे. दात्याच्या तासाला, म्हणजे त्याने पाडलेल्या चरीला, आडवा खड्डा खणा, कुदळीने नव्हे तर फावड्याने हळूहळू कडा तासा, आणि मोकळी माती हाताने काढून घ्या. वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा आकार दिसेल. तो आकार जिथे संपून सरळ फट सुरू होते, ती तुमची सीमाखोली.

टोकाच्या कोनाविषयीही एक सूचना करतो. ६० अंशांचा कोन उभा आहे. २५ ते ३० अंशांवर ओढ कमी लागते आणि माती दात्याला खाली ओढून धरते. कोन जसा ६५-७० अंशांच्या पुढे जातो तसे मातीचे बळ दात्याला वर ढकलू लागते, आणि मग चौकटीवर दगड ठेवूनही अवजार आत जात नाही.

---

ऐरोलीचा_विद्यार्थी

आमच्या महाविद्यालयात डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीचे सॉफ्टवेअर आहे. मातीचे कण गोळ्यांच्या रूपात मांडून दात्याची ओढ त्यात काढता येते. धागाकर्त्यांनी आरेखन पाठवल्यास मी मोफत करून देऊ शकेन.

मृदा_आणि_यंत्र

अवश्य करा, पण गोळ्यांमधले घर्षण आणि चिकटपणा यांचे आकडे मुरबाडच्या त्याच खाचरातल्या मातीवरून जुळवून घ्यावे लागतील. दुसऱ्या कोणाच्या मातीचे आकडे घातले तर पडद्यावर चित्र सुंदर येईल आणि ओढ चुकीची येईल. निदान मातीचा ढीग ओतून त्याच्या उताराचा कोन मोजा आणि साध्या कातरपेटीची (पेटीतली माती सरकवून तिचा प्रतिकार मोजण्याची) चाचणी करून घ्या.

---

भातखाचर_मुरबाड

हे अवजार माझ्याच शेतासाठी बनत आहे, म्हणून लिहितो. आपण सर्व अनुभवी मंडळी आहात, पण थर फोडायचा की नाही हे शेतावर अवलंबून आहे, आणि चाचणीच्या घाईत ते सांगायचे माझ्याकडून राहिले.

हा थर आपोआप आलेला नाही. माझ्या वडिलांनी आणि आजोबांनी वर्षानुवर्षे चिखलणी केली, बैलांच्या खुरांनी आणि नांगराच्या तळाने तो दाबला गेला, आणि त्याच्यामुळेच खाचरात पाणी उभे राहते. तो सगळीकडे फोडला तर पुढच्या आषाढात पाणी खाली निघून जाईल आणि भात पिवळा पडेल. माझ्या पाच खाचरांपैकी वरच्या अंगाची दोन मी भातातून काढून भाजीपाल्याकडे वळवणार आहे, आणि थर तेवढ्यांतच फोडायचा आहे. खालच्या तीन खाचरांत वाल घेतो, तिथे वरवरची मशागत पुरते. म्हणून अवजाराला खोली बांधून देणारे चाक हवेच. ट्रॅक्टर चालवणारा मुलगा दर वेळी वेगळा असतो. त्याने लिव्हर थोडा जास्त सोडला आणि खालच्या खाचराचा तळ फुटला, तर ते नुकसान एका हंगामात भरून येत नाही.

दुसरी गोष्ट वाफशाची. चाचणीच्या दिवशी वरची माती हाताला भुरभुरीत लागत होती, पण खाली ओल होती. कापणी होऊन बारा दिवसच झाले होते. आम्ही मूठभर माती दाबून गोळा करतो आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकतो. गोळा फुटून पसरला तर वाफसा आला, नुसता चपटा झाला तर थांबायचे. त्या दिवशी मी वरच्याच मातीचा गोळा केला होता. खालची माती काढून पाहायला हवी होती, ही माझी चूक झाली.

मृदा_आणि_यंत्र

दादा, तुम्ही अवजाराच्या आराखड्यातली सर्वांत महत्त्वाची अट सांगितलीत, आणि ती आम्ही आधी विचारायला हवी होती. तुमची गोळ्याची परीक्षा शास्त्रालाही धरून आहे. प्रयोगशाळेत मातीची वळी वळतात, आणि ती ३ मिलिमीटर जाडीला तुटू लागली की त्या ओलाव्याला सुघट्यतेची सीमा म्हणतात. त्याहून थोडी कोरडी माती फुटते आणि त्याहून ओली माती दबते. परीक्षा मात्र दाता जिथे चालणार आहे त्या खोलीवरच्या मातीचीच घ्यायची.

---

शहापूर_पॉवरटिलर

एक पूरक माहिती देतो. आमच्याकडे बैल गेले आणि रोटाव्हेटर आला, तरी थर तसाच राहिला, किंबहुना वर आला. रोटाव्हेटरची एल आकाराची पाती दर फेरीत एकाच खोलीवर माती घासत जातात, आणि १०-१२ सेंटिमीटरवर नवा गुळगुळीत तळ तयार होतो. भाजीपाल्याच्या खाचरात थर फोडल्यानंतर लगेच रोटाव्हेटर घालू नये, फणी मारावी.

---

रबाळ्याचा_आरेखक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी घणसोलीहून निघून मुरबाडला गेलो आणि दात्याच्या जुन्या तासाला आडवा खड्डा घेतला. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

वरच्या १४ सेंटिमीटरमध्ये माती दोन्ही बाजूंना तिरकी फुटलेली होती आणि हाताने सहज निघाली. त्याच्या खाली, दात्याच्या जाडीपेक्षा किंचित मोठी, अशी उभी फट होती. तिच्या भिंतीवरून बोट फिरवले तर ती कुंभाराने ओल्या हाताने सारवल्यासारखी गुळगुळीत लागली, आणि पट्टीच्या कडेवर ग्राइंडरने राहिलेले ओरखडे त्या भिंतीवर आडव्या रेषांत उमटलेले होते. फटीपासून चार बोटांपर्यंत चाकूचे टोक टोचून पाहिले. ते भिंतीजवळ शिरत नव्हते आणि दूर गेल्यावर शिरत होते. मी ३२ मिलिमीटरची जाड पट्टी लावली असती तर हेच काम अधिक डिझेल जाळून केले असते, हे त्या खड्ड्याशेजारी बसून माझ्या लक्षात आले.

नवा आराखडा असा केला आहे. दाते दोनच. पट्टी तीच, पण तिच्या पायाला ४० मिलिमीटर रुंदीचे, २८ अंशांत बसवलेले बदलते टोक, आणि टोकाच्या मागे दोन्ही बाजूंना मिळून १५० मिलिमीटर पसरणारे, मागे किंचित उचललेले पंख. दोन दात्यांमधले अंतर ४०० मिलिमीटर. खोली जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, आणि ती छिद्रे व पिन यांनी बांधणारी दोन चाके. दादांच्या खालच्या खाचरांसाठी चाकांच्या दांड्यावर १२० मिलिमीटरचे छिद्र वेगळ्या रंगाने रंगवणार आहे. शिअर बोल्ट ८ मिलिमीटरचा.

मृदा_आणि_यंत्र

पंखांचा निर्णय योग्य आहे. त्यांच्यामुळे ओढ काहीशी वाढते, पण सुटणाऱ्या मातीचे क्षेत्रफळ त्याहून अधिक वाढते आणि सीमाखोली खाली जाते. बिनपंखी दात्यांमधले अंतर खोलीच्या एक ते दीडपट ठेवतात, पंख असतील तर दीड ते दोनपट. २२० ला तुमचे ४०० बसते. ओढ मोजायची असेल तर दोन ट्रॅक्टरांची पद्धत वापरा: पुढचा ट्रॅक्टर ओढतो, मागच्याला अवजार लावून तो न्यूट्रलला ठेवतात आणि दोघांच्या मध्ये लोडसेल (ओढीचे बळ मोजणारे उपकरण) बांधतात. एकदा अवजार जमिनीत आणि एकदा वर उचलून मोजा. दोहोंतील फरक ही अवजाराची ओढ.

वागळे_इस्टेट_जुना_कामगार

बदलत्या टोकासाठी माइल्ड स्टील वापरू नका. ते तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही, कारण त्यात पुरेसे कार्बनच नसते. गावाकडे ट्रकच्या कमानपाट्याचे टोक करतात, ते पोलाद चांगले आहे, पण ते तापवून पाण्याऐवजी तेलात बुडवावे आणि नंतर पुन्हा थोडे तापवून ठिसूळपणा काढावा, नाहीतर तडा जातो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बोरॉन पोलादाची पट्टी मिळाली तर ती घ्या. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५० च्या आसपास पुरे. त्याहून कडक केल्याने विशेष फायदा नाही, कारण मातीतली गारेची वाळू कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असते आणि ती झीज करणारच.

झीज होऊ नये यापेक्षा ती योग्य जागी व्हावी, हे पाहावे लागते. हार्डफेसिंगचा (वेल्डिंगने चढवायचा कठीण धातूचा) थर टोकाच्या एकाच अंगावर द्या. दुसरे अंग आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. दोन्ही अंगांवर थर दिला तर टोक बोथट गोळा होऊन बसते. आणि टोकाच्या तळाला मागे पाच ते आठ अंशांची मोकळीक ठेवा. तळ झिजून सपाट झाला की टोक स्कीसारखे मातीवर चालते आणि अवजार वर येते. शेतकरी म्हणतो "जमीन घट्ट झाली", पण जमीन तीच असते. दर आठवड्याला टोक उलटे करून तळ पाहण्याची सवय लावा.

---

रबाळ्याचा_आरेखक (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो. खालच्या मातीचा गोळा फुटू लागल्यावरच, म्हणजे पहिल्या चाचणीनंतर सव्वा महिन्याने, वरच्या दोन्ही खाचरांत अवजार चालवले. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये न घसरता चालला. दोन बोल्ट तुटले, दोन्ही वेळा दगडाला, आणि दाते सरळ राहिले. आडव्या खड्ड्यात माती २१ सेंटिमीटरपर्यंत फुटलेली मिळाली आणि फट कुठेही दिसली नाही. दोन चरींच्या मध्यभागी मात्र सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीचा न फुटलेला कणा राहतो आहे. अंतर ३५० वर आणू की पंख वाढवू, हे अजून ठरलेले नाही. लोडसेल मिळाला नाही, त्यामुळे ओढ मोजायची राहिली आहे.

भातखाचर_मुरबाड

अंतर कमी करा, पंख वाढवू नका. पंखांत भाताचे धसकट अडकते आणि चालवणाऱ्याला दर फेरीला उतरावे लागते. वरच्या एका खाचरात मी मुद्दाम दोन पट्टे न फोडता ठेवले आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यांत निरगुडीच्या काठ्या ठोकल्या आहेत. भेंडी हे दोन पट्टे आणि फोडलेला भाग अशा तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी टोकली आहे. फुले लागली की तिन्हीकडची दोन-दोन झाडे मुळांसकट उपटून फोटो इथे टाकतो.